डीटीएचचे पैसे भरूनही सह्याद्रीचं वेळापत्रक दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गावी आईकडे डीटीएच आहे. वाहिन्यांचे पैसे वेगळे, वर नेटवर्क शुल्क 130 रुपये, जीएसटी धरून 153.40. आई बघते काय, तर सह्याद्री आणि एक-दोन मराठी वाहिन्या! त्यातही गाइडचं बटण दाबलं की सह्याद्रीसमोर ‘माहिती उपलब्ध नाही’. मग कीर्तन किती वाजता, हे मला फोन करून विचारते. (मला तरी कुठे ठाऊक!) बॉक्स बंद-चालू करून झाला. कस्टमर केअरवाले ‘कळवतो’ म्हणाले, त्याला महिना झाला.

डीडी फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही आणि सह्याद्री त्यावर आहे. कुणी वापरतं का? वेळापत्रक नीट दिसतं? जुनीच छत्री जीसॅट-15 उपग्रहाकडे, म्हणजे 93.5 अंश पूर्वेला वळवून भागेल, की एलएनबीही (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलावा लागेल?