मदत हवी आहे – जुने पेपर कुठे बघायला मिळतील? अर्जंट

पानगळ
नमस्कार मंडळी, जुने पेपर बघायचेत, ओरिजिनल, शक्यतो पुण्यातच. सरांनी सिनॉप्सिस दोनदा परत केलाय, म्हणाले सगळं दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललंय, प्रायमरी सोर्स एकही नाही. नेटवर तेच तेच चार फोटो येतात. एका ग्रंथालयात गेले तर पत्र आणा म्हणाले, पत्र नेलं तर फाइल बांधणीला गेलीय म्हणे. पंधरा दिवस उरलेत, प्लीज लवकर सांगा.

मुळामुठा
जुने म्हणजे कधीचे? १८३२चं दर्पण पण जुनं आणि १९३२चा सकाळ पण जुनाच. कोणता पेपर, कोणतं साल, काहीच लिहिलं नाहीये.

रविवार_सकाळ
जुन्या बाजारात बघा, बुधवारी आणि रविवारी भरतो. मला तिथे साठ-पासष्ट सालची मासिकं रद्दीच्या भावात मिळालीत. फक्त सकाळी लवकर जा.

पानगळ
साठ सालचे नकोयत हो. विषय पत्रकारितेचा इतिहास आहे, पीएचडी, पुण्यातला प्लेग आणि वर्तमानपत्रं. लिहायचं राहून गेलं.

जोशीकाका_सदाशिव
मग पेशवे दफ्तरात जा की, कौन्सिल हॉलसमोर. सगळे सरकारी कागद तिथेच.

मुळामुठा
काका, तिथे मुख्यतः पेशवाईचे मोडी रुमाल (मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे) आणि इनाम कमिशनचे, म्हणजे इनामांच्या चौकशीचे कागद आहेत, १८९७च्या वर्तमानपत्रांसाठी त्यांना तिथे पाठवलंत तर आठवडा फुकट जाईल. प्लेगचे सरकारी कागद मुंबईला, राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत.

रेघोट्या
एवढी धावपळ कशाला, ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स’ बघा. सरकारचा माणूस दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रं वाचून इंग्रजीत सारांश काढायचा. माझं अख्खं एमफिल त्यावर झालंय. ज्या छोट्या पत्रांचा एकही अंक आज हाती लागत नाही त्यांचं म्हणणं तिथे सापडतं आणि पुढच्या वर्षांच्या रिपोर्टांत तर संपादकाचं नाव, जात, वय, खप असा तक्ताच असतो.

शनिवारपेठ
रिपोर्ट उपयोगी आहेत, पण त्यांना मूळ पत्र म्हणू नका. सरकारला जे टोचलं तेवढंच त्यात उतरलंय, तेही भाषांतर होऊन. सरकारी भाषांतरं चुकीची आहेत हे तर टिळकांनी १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात कोर्टात लावून धरलं होतं. आणि जाहिराती, वाचकांची पत्रं, बाजारभाव, प्लेगला घाबरून गाव सोडलेल्यांच्या घरांबद्दलची चार ओळींची बातमी हे सरकारी माणूस कशाला उतरवून घेईल?

रेघोट्या
पण अंकच मिळत नसेल तर? काहीच न वापरण्यापेक्षा रिपोर्ट बरा. मर्यादा काय आहेत ते लिहायचं, झालं.

शनिवारपेठ
केसरीच्या फाइली आहेत की. अंकच नाही असं समजून सुरुवात का करायची?

खिळेजुळारी
माझं मत, जुन्या कंपोझिटर लोकांच्या मुलाखती घ्या. माझे वडील छापखान्यात केसवर (खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर) उभे राहून अक्षरांचे खिळे जुळवायचे, उलटी ओळ सरळ ओळीइतकी भरभर वाचायचे. ही माणसं आता फार थोडी उरलीत, त्यांचं बोलणं कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवायला हवं.

मुळामुठा
अगदी खरंय, पण १८९७चं आठवणारं आता कोण असणार. त्यासाठी वेगळा धागा काढा ना, मी नक्की लिहीन.

पानगळ
केसरीचे अग्रलेख माझ्याकडे पुस्तकात आहेत. तेवढे चालतील ना?

शनिवारपेठ
नाही चालणार, तुमच्या सरांचं नेमकं तिथेच अडलंय. पुस्तकात निवडलेले लेख असतात, पान नसतं. आता हे बघा. प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली २२ जून १८९७च्या रात्री. तो मंगळवार आणि केसरी निघायचा मंगळवारी, म्हणजे त्या दिवशीचा अंक आधीच बाहेर पडलेला. पुढचा नियमित अंक २९ जूनचा. मधल्या सात दिवसांत शहरात काय काय बोललं गेलं असेल! ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय’ हा ६ जुलैचा अग्रलेख सगळे उद्धृत करतात, पण त्याच्या शेजारच्या स्तंभात काय छापलं होतं ते विचारा, कुणी सांगत नाही. तुम्ही मार्च ते जुलैचे मंगळवार मांडून बसा, एकही अंक सोडू नका. शिवाय लेखांखाली सही नसायची, तेव्हा प्रत्येक ओळ टिळकांच्या नावावर घालू नका. सोबत ज्ञानप्रकाश आणि सुधारक ही पुण्यातली वर्तमानपत्रंही बघा, नाहीतर एकट्या केसरीचं पुणं होईल ते.

जोशीकाका_सदाशिव
ज्ञानप्रकाश तर १८४९चा, आमच्या आजोबांकडे दैनिक यायचं.

मुळामुठा
दैनिक १९०४ला झाला काका, प्लेगच्या साली नव्हता. पानगळ, तुम्ही केसरीवाड्यातलं ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय या चार ठिकाणी जायच्या आधी फोन करा आणि ‘जुने पेपर’ म्हणू नका, वर्तमानपत्राचं नाव, साल आणि महिना सांगा. ग्रंथालयाला द्यायच्या पत्रावर गाईडची सही आणि विभागाचा शिक्का दोन्ही घ्या. नॅशनल आर्काइव्हजचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या उघडतं, होम डिपार्टमेंटच्या फाइली तिथे शोधा.

रेघोट्या
आणि रिपोर्ट!

पानगळ
आज एका ठिकाणी फाइल मिळाली, १८९७चीच. फोटो काढू देत नाहीत, पेन्सिलने उतरवून घेतेय. घडीवरच्या ओळी गेल्यात आणि पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा सुटून हातात आला, जीव धसकला माझा. तिथल्या मॅडम रागावल्या नाहीत, पण मला पुढचं पान उलटायचंच धाडस होईना. काय करू?

शनिवारपेठ
बोटाने कोपरा धरून उलटू नका. पानाखाली मोठा कोरा कागद सरकवा आणि कागदासकट पान पलटा. तो तुकडा पाकिटात घालून वर तारीख, पान लिहा आणि मॅडमकडे द्या, टाकू नका. कोणता महिना मिळालाय?

पानगळ
एप्रिल. जूनची वेगळी बांधलीय, उद्या काढून देतो म्हणाल्या.