मदत हवी आहे: थायरॉइडच्या गोळीबरोबर आयर्न, कॅल्शियम, सेलेनियम

नमस्कार मंडळी,

सासूबाईंसाठी विचारतेय. वय ५८, हायपोथायरॉइड (थायरॉइड मंद), अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, म्हणजे हाशिमोटो, शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार. रोज सकाळी ६ वाजता अनशापोटी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढतं ते हार्मोन) एरवी ३-४ च्या आसपास असायचं, या वेळी ९.२ आलंय. गोळी एकदाही चुकलेली नाही. मधल्या काळात नवीन सुरू झालं ते कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून आयर्न, दोन्ही सकाळच्या नाश्त्याबरोबर.

डॉक्टर म्हणाले की ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटात धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत, ४ तासांचं अंतर ठेवा. आता आयर्न दुपारी आणि कॅल्शियम रात्री देतेय. डोस तोच ठेवलाय, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करायचंय. आयर्न बंद करायचं नाही, कारण थायरॉइडमध्ये हार्मोन तयार करणाऱ्या टीपीओ एन्झाइमलाही लोह लागतंच.

प्रश्न पुढचा आहे. नणंदबाईंनी सेलेनियम २०० मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्यात. टी४ चं (म्हणजे थायरॉक्सिनचं) शरीराला वापरता येणारं टी३ करणाऱ्या एन्झाइमना सेलेनियम लागतं हे मान्य, पण रोजची गरज ५५ च्या आसपास आणि वरची मर्यादा ४००. अँटीबॉडी कमी होतात असं वाचलं. पण माणसाला बरं वाटतं का? कुणाला डॉक्टरांनी स्वतःहून दिलंय का, आणि किती महिने?

भिशीतल्या एका काकूंनी केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्याही दिल्या, आयोडीन असतं म्हणून. त्या मी देणार नाही. घरात आयोडीनचं मीठ आहे, दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि हाशिमोटोत जादा आयोडीनने थायरॉइड आणखी मंदावू शकते. काकूंना मात्र न दुखावता कसं सांगावं?

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, पायाला मुंग्या येतात. बी१२ आणि डी तपासून घ्यायचं ठरवलंय. आणखी काय बघावं?

प्रतिसाद १
बी१२ आधी करा, थकवा आणि मुंग्या दोन्ही त्याच्या कमतरतेनेही येतात. आयर्नबरोबर फेरिटिन बघा, नुसत्या हिमोग्लोबिनवरून साठा कळत नाही. आयर्नच्या आगेमागे तासभर चहा नको. माझ्या आईला सेलेनियमने अंगात फरक जाणवला नाही, डॉक्टरांनी थांबवलं. आणि केसांसाठी काही घेतात का त्या?

धागाकर्ती
हो, केस गळतात म्हणून एक गोळी चालू आहे. आत्ता डबी बघून आले, मागे बारीक अक्षरात बायोटिन १० मिलिग्रॅम लिहिलंय. त्याचा काय संबंध?

प्रतिसाद १
संबंध तपासणीशी आहे, ताई. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत जास्त बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. म्हणजे ते ९.२ खरं तर त्याहून वर असू शकतं. पुढच्या तपासणीआधी निदान २ दिवस ती गोळी बंद ठेवा, एवढा मोठा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधीपासून. लॅबवाल्यांनाही सांगा.

धागाकर्ती
हे कुणीच विचारलं नव्हतं. डबी घेऊनच जाते डॉक्टरांकडे. सेलेनियमचा अनुभव असलेल्यांनी अजून लिहा, कॅप्सूल तोवर फोडत नाही.