अनुभव धागा: अचूकपणाचा हट्ट कुठे संपतो, ओसीडी कुठे सुरू होते?

ओसीडी म्हणजे नको ते विचार आणि त्यांपायी त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कामातून हाती आलेलं नेमकं लिहावं. आपबीती नको.

मानसोपचारतज्ज्ञ
'किती नीटनेटके आहात' हे मी विचारतच नाही. 'अर्धवट सोडलं तर काय होतं' हे विचारतो. कामाची हौस असलेला माणूस चूक दुरुस्त करून पुढे जातो. ओसीडीत दुरुस्तीनंतरही 'झालं' असं वाटतच नाही. यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामं अडत असतील तर निदानाचा विचार होतो. तीव्रतेसाठी येल-ब्राउन श्रेणी: 10 प्रश्न, 0 ते 40 गुण. ओसीपीडी (अति नीटनेटकेपणाचा, नियमांचा हट्ट असलेला व्यक्तिमत्त्व विकार) हे प्रकरण वेगळं. तिथे माणसाला स्वतःचे नियम रास्तच वाटतात, जाच होतो तो बहुधा भोवतालच्यांना.

समुपदेशक, ईआरपी (अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची तपासणी टाळायची, असा उपचार)
पुन्हापुन्हा वाचूनही ईमेल पाठवता न येणं हे नेहमीचं उदाहरण घेते. अस्वस्थतेला 0 ते 100 गुण द्यायचे आणि 30-40च्या पायरीपासून सुरुवात करायची. आधी एकदाच वाचून पाठवायचं. मग मुद्दाम एक स्वल्पविराम गाळून. मग तीच चूक वरिष्ठांना जाणाऱ्या ईमेलमध्ये. पाठवलेलं उघडून बघायचं नाही, कारण तेवढ्यानेही सराव वाया जातो. मनातल्या मनात मजकूर आठवून पाहणं हीसुद्धा तपासणीच, आणि ती बाहेरून दिसत नाही म्हणून सर्वांत जास्त निसटते.

दुसरी गोची म्हणजे हट्ट उपचारातही शिरतो. सरावाची वही सुबक लिहिण्यात रात्र घालवणारे काही कमी नाहीत! त्यांना पेनने, खाडाखोडीसकट, तीनच शब्दांत नोंद करायला सांगते. 'व्यायाम बरोबर झाला ना?' या प्रश्नाला उत्तर देत नाही.

मानसशास्त्राची अध्यापक
तपासून खात्री का होत नाही, यावर 2003 साली नेदरलँड्समध्ये छान प्रयोग झाला. निरोगी लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. काय तपासलं ते त्यांना नीट आठवत होतं, पण त्या आठवणीवरचा भरवसा घटला. म्हणजे शंका फेडायला केलेली तपासणीच शंका वाढवते.

पुन्हा मानसोपचारतज्ज्ञ
औषधांबद्दल थोडक्यात. एसएसआरआय गटातली (नैराश्यावरही दिली जाणारी) औषधं ओसीडीत अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि गुण येतोय की नाही हे ठरवायला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. दोन आठवड्यांत 'फरक नाही' म्हणून परस्पर बंद करू नये.

कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक
'दार लागलंय ना?' याला दहाव्यांदा 'हो' म्हणणं म्हणजे ओसीडीच्या विधीत (त्याच त्या तपासणीत) सामील होणं. पण एकदम तोंड फिरवलं तर भांडण पेटतं. म्हणून वाक्य आधीच, शांत वेळी, रुग्णाच्या संमतीने ठरवावं: 'हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण इथेच बसते.' घरातल्या सगळ्यांनी तेच वाक्य वापरावं. आजीने गुपचूप 'हो गं' म्हटलं तरी तिढा परत बसतो.