त्या खलाशाची गावाने माफी मागायला हवी की नको?

खाडीकाठचा
नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. आमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यामागे एकाचा मृतदेह सापडला. मासळी विकणाऱ्या एका मावशीने रात्री निळ्या रेनकोटातला ‘गुरखा’ तिथून पळताना पाहिला होता. मग काय, सकाळी निळ्या रेनकोटाचा शोध. ट्रॉलरवरून उतरलेला एक नेपाळी पोरगा मिळाला, मावशी म्हणाली, “तोच.” पोलीस येईपर्यंत त्याला खांबाला बांधून मारला. त्याच्या होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, घसा फोडून सांगत होता की होडी आदल्या दुपारी गेली ती पहाटे आली, सुरक्षा रक्षकाच्या वहीत नोंद आहे. वही दोन दिवसांनी बघितली गेली. खुनी गावातलाच निघाला, उसन्या पैशांवरून. पोरगा हात गळ्यात बांधून निघून गेला.
माझं म्हणणं, ग्रामसभेत ठराव करून माफी मागावी आणि ती त्याच्या घरी पाठवावी.

दर्यावर्दी
मी त्याच गावचा आणि ती मावशी माझी आत्या, म्हणून स्पष्ट बोलतो. तिने खोटं सांगितलं नाही. पाऊस, अंधार, त्यात दिसलं तेवढं सांगितलं. आता तिची भर सभेत शोभा केलीत तर उद्या खून डोळ्यांसमोर झाला तरी कुणी तोंड उघडणार नाही. मारणारे वेगळे होते, त्यांना धरा.

आंब्याचो राखणो
माझ्या बागेत दोन नेपाळी असत. पैल्या वर्सा माका दोघेय सारकेच दिसत. आता पाठमोरे चलले तरी वळाकतंय. दुकानदार मात्र अजून एकाची उधारी दुसऱ्याकडे मागता. आत्येन रेनकोट वळाकल्यान, माणूस न्हय.

काळा कोट
राखण्यांचं बरोबर आहे. म्हणूनच ओळख परेड असते: दंडाधिकाऱ्यासमोर, पोलीस बाहेर, रांगेत संशयिताच्याच चणीची इतर माणसं. एवढं करूनही परेडमधली ओळख हा मूळ पुरावा नव्हे, तो नुसता आधार. साक्षीदाराने न्यायालयात ओळखावं लागतं. तुमच्याकडे पोराचा फोटो सकाळीच व्हॉट्सॲपवर फिरला असणार. मग परेड घेऊन काय? आत्या फोटोच ओळखणार.
नाशिकजवळचा २००३ चा खटला वाचा. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. दुसऱ्याच ६ जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा ठोठावली आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडलं. भरपाई प्रत्येकी ५ लाख. तुरुंगात वर्षं गेली १६.

दर्यावर्दी
मग चूक तपासाची झाली ना? त्यात माझी आत्या कुठे आली?

खाडीकाठचा
फोटो फिरला होता, साडेसातला. मीही पुढे ढकलला. ते वर लिहायचं टाळलं होतं.
आत्याला मी दोष देतच नाही. गडचिंचल्याला २०२० मध्ये दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर समजून जिवानिशी मारले गेले, आपल्याकडे हातावर निभावलं इतकंच. आणि मारणाऱ्यांना धरा म्हणतोस, पण खांबाभोवती शंभरेक माणसं होती. तू कुठे होतास?

दर्यावर्दी
मागे होतो. हात लावला नाही. सोडवलाही नाही.

आंब्याचो राखणो
त्या झिलाचा नाव काय?

खाडीकाठचा
बंदरावर सगळे ‘कांचा’ म्हणायचे. खरं नाव आणि पत्ता तांडेलाकडे आहे, उरलेला पगार त्यानेच पाठवला.

दर्यावर्दी
ठराव मांड. अनुमोदन मी देतो. पण त्यात ‘एका महिलेच्या सांगण्यावरून’ असं एक अक्षर आलं तर विरोधही पहिला माझाच. ‘गावाने मारलं’ असं लिही.