संकष्टीच्या चंद्राच्या फोटोत दुसरा चंद्र उमटतोय, कशामुळे?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. आई संकष्टी करते. यंदा माघापासून ठरवलंय की दर संकष्टीला ती पान वाढायला घेण्याआधी गच्चीवरून चंद्राचा एक फोटो काढायचा. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ असते, पण आमच्याकडे मध्ये पारसिकचा डोंगर आहे, त्यामुळे खाडीपलीकडून तो वर यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढा वेळ आई कठड्याला हात टेकून उभी असते. दिवसभराचा उपास असतो, म्हणून तिला एका फोटोपलीकडे थांबवायचं मला पटत नाही.

अडचण अशी. ७०-३०० ची लेन्स, ३०० वर. नुसता चंद्र घेतला (एफ/८, आयएसओ ४००, शटर १/१२५ सेकंद) तर फोटो स्वच्छ येतो. पण मला डोंगराची कड आणि कळव्याकडचे दिवेही हवेत, म्हणून शटर १ सेकंदावर नेतो. चंद्राचा पांढरा गोळा होतो, ते मान्य. पण त्याच्या बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात फिकट हिरवट असा दुसरा चंद्र येतो. पुसट डाग नाही, चांगला फोकसमधला, वरचे काळे पट्टेसुद्धा दिसतात! आईने स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "हा खाली दुसरा कोण रे?"

लेन्स पुसून झाली, हूड लावून झालं. काही फरक नाही. लेन्सच खराब झाली असेल का? दुरुस्तीला टाकायची तर पुढची संकष्टी हुकेल, आणि ते मला नकोय.

नेरूळकर

खिडकीच्या काचेतून घेता का? आमच्या बाराव्या मजल्यावर सरकत्या खिडकीतून घेतला की मलाही दोन चंद्र यायचे. काच सरकवली की एकच.

कोपरीकर

नाही हो, उघडी गच्ची आहे. ट्रायपॉड लावून, दोन सेकंदांच्या टायमरवर.

खारघरची ताई

दादा, लेन्स दुरुस्तीला अजिबात टाकू नका. दोन गोष्टी सांगा. लेन्सच्या तोंडाशी यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी सपाट काच, आहे का? आणि दुसरा चंद्र उलटा आहे का? चौथीचा चंद्र उगवताना वरच्या अंगाने थोडा खाल्लेला असतो. घोस्ट, म्हणजे तो दुसरा खोटा चंद्र, खालच्या अंगाने खाल्लेला दिसला तर माझी खात्री आहे की फिल्टरच कारण आहे.

होतं असं. कॅमेऱ्यात चित्र जिथे उमटतं त्या सेन्सरवर पडलेला सगळा प्रकाश आत मुरत नाही, थोडा परत फिरतो आणि लेन्समधूनच उलट बाहेर निघतो. तोंडाशी सपाट काच असली की तिच्यावर आपटून पुन्हा आत येतो आणि सेन्सरवर चंद्राचं दुसरं चित्र उमटवतो, फ्रेमच्या मध्यबिंदूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, उलटं. काच सपाट असल्यामुळेच ते इतकं रेखीव येतं. लेन्सच्या आतल्या गोल काचांमधले घोस्ट बहुतेक वेळा पसरट आणि धुरकट असतात.

कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परतवतो. म्हणजे दोनदा आपटून आलेला चंद्र खऱ्याच्या मानाने फारच मंद. १/१२५ ला तो काळोखात बुडून जातो. तुम्ही १ सेकंद केलंत की सगळंच १२५ पट उजळतं, आणि खरा चंद्र जळून गेला तरी हा मंद चंद्र नेमका योग्य एक्स्पोजरला येतो. म्हणून त्याच्यावरचे डाग दिसले. हूडचा इथे उपयोग नाही, कारण हूड फ्रेमच्या बाहेरून येणारा प्रकाश अडवतं आणि तुमचा चंद्र तर फ्रेममध्येच आहे.

फिल्टर काढा आणि त्याच सेटिंगवर पुन्हा घ्या. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच अतिनील किरण अडवणारी काच असते, त्यामुळे फोटोसाठी यूव्ही फिल्टर हवाच असं काही नाही.

कोपरीकर

ताई, आत्ता फोटो मोठा करून पाहिला. खरा चंद्र इतका जळालाय की काही कळेना, म्हणून त्याच रात्रीचा १/१२५ चा फोटो शेजारी लावला. हा वरून चपटा, तो खालून! अंगावर काटा आला.

फिल्टर आहेच. लेन्स घेतली तेव्हा दुकानदाराने लावून दिला होता, मी कधी काढलाच नाही. आता तो फिरतच नाहीये. खाडीची हवा आणि पावसाळा, आटे धरलेत.

नेरूळकर

बोटांच्या चिमटीत दाबू नका, कडं लंबगोल होऊन आणखी अडकतं. भाजीच्या जुडीला येतं ते रुंद रबर कड्यावर ताणून बसवा, मग पूर्ण पंजाने सगळीकडून सारखं धरून हलकेच डावीकडे फिरवा. भांडी घासायचा रबरी हातमोजा असेल तर अजून सोपं.

कोपरीकर

निघाला! रबराने नुसता घसरत होता, पण आईच्या हातमोज्याने कुर्र करून सुटला. आट्यांत पांढरी पूड होती, ती कोरड्या ब्रशने झाडली.

आज पंचमी, त्यामुळे चंद्र काल आला त्याहून जवळजवळ पाऊण तास उशिरा वर आला. तेच सेटिंग, तोच कोपरा, १ सेकंद. समोरचा कोपरा काळाभोर! मग मुद्दाम फिल्टर हाताने तोंडाशी धरून एक घेतला, तर दुसरा चंद्र हजर. किंचित तिरका धरला की जागा सोडून सरकतो. शंकाच उरली नाही. ताई, तुमचे मनापासून आभार. नेरूळकर, तुमचेही.

आता एकच विचारायचंय. माघापासूनच्या चार फोटोंत घोस्ट आहे, तो पुसून टाकू का? घोस्टच्या जागी नुसतं आकाश आहे, म्हणजे पुसणं सोपं आहे. पण श्रावणात आणि भाद्रपदात ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही, आई घड्याळ बघून जेवली, त्या दोन जागा मी रिकाम्याच ठेवल्या आहेत. मग हे चार तरी जसे आले तसेच ठेवावेत असं वाटतंय.

खारघरची ताई

मूळ फाइल तशीच ठेवा, पुसायचं ते प्रतीवर. आणि पुढच्या वेळी १/१२५ चा एक आणि १ सेकंदाचा एक, ट्रायपॉड न हलवता लागोपाठ घ्या. नंतर पहिल्यातला चंद्र दुसऱ्यात बसवता येईल, दिवेही राहतील आणि चंद्रावरचे डागही. आईंना थांबावं लागेल ते जेमतेम पाच सेकंद.