तुरीची चुनी बाहेरून मागवतेय: कस्टम्सचा कोड २३०२, २३०९ की ०७१३?

आंबोणवाली_यवत

नमस्कार मंडळी. यवतजवळ आमचा पशुखाद्याचा छोटा प्लांट आहे. दिवसाला आठ-नऊ टन गोळी पेंड निघते, ती दौंड-शिरूरकडच्या गोठ्यांत जाते. आजवर चुनी (डाळ भरडताना निघणारी टरफलं आणि चुरा) आणि कोंडा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून, नाहीतर ओळखीच्या दालमिलांकडून उचलत आले. यंदा पहिल्यांदाच आयात करतेय: मोझांबिकच्या एका दालमिलची तुरीची चुनी, एक कंटेनर. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून गव्हाचा बारीक कोंडाही घ्यायचाय.

चुनीचा नमुना आलाय. परातीत ओतला, पाखडून पाहिला. टरफलं वर आली, खाली पिवळी भुकटी, आणि तिच्यात डाळ फोडताना उडतात ती दाण्याची टोकं. मोठ्यात मोठा तुकडा मोहरीपेक्षा किंचित मोठा. सरळ डाळ म्हणावी असं काही हाताला लागलं नाही.

आता गोंधळ आहे तो कस्टम्सच्या हेडिंगचा, म्हणजे आयात माल कोणत्या वर्गात धरायचा ते सांगणाऱ्या चार आकडी कोडचा. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर नुसतं 'पशुखाद्य' लिहून २३०९ टाकलंय. आमचे कस्टम्स ब्रोकर म्हणतात ठीक आहे, जनावरांनाच घालणार ना, मग २३०९. त्यांच्याच ऑफिसातले दुसरे गृहस्थ म्हणतात, डाळीचे तुकडे दिसले तर अधिकारी ०७१३ लावतील. कोंड्याचा रिपोर्ट असा आहे: स्टार्च ४२ टक्के, राख ३.१, ओलावा १२. ब्रोकर म्हणतात स्टार्च ४५ च्या खाली आहे, म्हणजे २३०२, विषय संपला.

मला घाई आहे ती एवढ्याचसाठी की पावसाळ्यात कंटेनर बंदरावर अडकला तर चुनी कोंदट होते, बुरशी धरते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन खाद्यातून गाईच्या दुधात उतरतं. आमचं खाद्य घेणाऱ्या बायका तेच दूध घरच्या पोरांना देतात. कृपया नीट सांगा.

बावीस_वर्षं_न्हावाशेवा

ताई, तुमची परात तुमच्या ब्रोकरपेक्षा जास्त सांगतेय.

आधी २३०९ काढून टाका. माल कोण खाणार यावर हेडिंग ठरत नाही. कस्टम्स टॅरिफच्या, म्हणजे या कोडच्या यादीच्या, प्रकरण २३ ची पहिली टीप उघडा. २३०९ मध्ये तोच माल येतो जो दुसरीकडे कुठे सांगितलेला नाही आणि ज्यावर इतकी प्रक्रिया झालीय की मूळ पदार्थाचा गुणधर्मच उरला नाही. पुढे त्याच वाक्यात अपवाद आहे: अशा प्रक्रियेतून निघालेले वनस्पतिजन्य अवशेष आणि उपपदार्थ वगळून. चुनी हा उपपदार्थच आहे, आणि तो दुसरीकडे नावानिशी सांगितलेला आहे. २३०२ म्हणजे धान्य किंवा कडधान्य चाळताना, दळताना, भरडताना निघालेला कोंडा, भुसा आणि इतर अवशेष. त्यात २३०२.१० मक्याचं, २३०२.३० गव्हाचं, २३०२.४० बाकी धान्यांचं, २३०२.५० कडधान्यांचं. तुमची चुनी २३०२.५०.

०७१३ ची भीती अगदीच खोटी नाही. तिथे वाळलेलं कडधान्य येतं, सालीसकट असो, सोललेलं असो की फोडलेलं. म्हणजे पोत्यात भुशाखाली खरोखर तुकडा-डाळ भरलेली निघाली, तर तुम्ही काहीही लिहा, ती डाळच. पण भरडताना सुटलेली टोकं आणि भुकटी टरफलात मिसळलेली असणं हे चुनीचं रूपच आहे. तुमच्या आजीला विचारलं असतंत तर तिने याला कळणा म्हटलं असतं, डाळ म्हटलं नसतं.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा हरभऱ्याच्या चुनीचा कंटेनर २०१८ साली अकरा दिवस उभा राहिला, तोही इन्व्हॉइसवरच्या 'पशुखाद्य' या एका शब्दावरून. तपासणीला आलेल्याला समोर टरफल दिसतंय, कागदावर खाद्य दिसतंय, तो नमुना लॅबला पाठवणारच. मी त्या वेळी कागद आधी वाचले नव्हते. ती चूक माझी होती. म्हणून सांगतो, माल जहाजात चढण्याआधी इन्व्हॉइस बदलून घ्या: 'तुरीची चुनी, डाळ भरडताना निघालेला उपपदार्थ'. सोबत मिलचं एक पानी पत्र घ्या: कोणत्या यंत्रावर, कोणत्या टप्प्यावर हे निघतं.

तरीही नमुना लॅबला गेलाच, तर कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागा. बाँड (हमीपत्र) देऊन माल सुटतो, रिपोर्ट मागून येतो. वर्षाला दहा-बारा कंटेनर आणायचा विचार असेल, तर मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (मालाचं हेडिंग आधीच ठरवून देतात तिथे) एकदा अर्ज करून ठेवा.

धान्यरसायन

कोंड्याबद्दल मी लिहितो, धान्याच्या लॅबमध्येच काम करतो.

ब्रोकरांचं उत्तर बरोबर आलंय, पण गणित चुकलंय, आणि पुढच्या खेपेला हेच गणित अडकवेल. प्रकरण ११ म्हणजे पिठाचं प्रकरण; त्याच्या दुसऱ्या टिपेतले स्टार्च-राखेचे आकडे कोरड्या वजनावर आहेत. ओलावा १२ म्हणजे कोरडा माल ८८. ४२ ला ०.८८ ने भागा: ४७.७. म्हणजे स्टार्च ४५ च्या खाली नाहीच, वर आहे! फक्त स्टार्चवर बसलात तर माल पिठाच्या प्रकरणात जातो.

वाचवतेय ती राख. प्रकरण ११ मध्ये राहायला गव्हाच्या मालाला दोन्ही अटी लागतात: स्टार्च ४५ पेक्षा जास्त आणि राख २.५ पेक्षा जास्त नाही. तुमची राख ३.१ भागिले ०.८८, म्हणजे ३.५. दुसरी अट मोडली, माल २३०२.३० मध्ये आला. उद्या पुरवठादाराने मैद्याकडचा आणखी पांढरा माल मिसळला आणि कोरड्या वजनावर राख २.४ आली, तर हाच 'कोंडा' प्रकरण ११ मध्ये जाईल. राखेची मर्यादा धान्यागणिक वेगळी आहे: मका-ज्वारीला २, तांदळाला १.६, बार्लीला ३, ओट्सला ५.

स्टार्च सुधारित एवर्स पोलॅरिमेट्रिक पद्धतीनेच काढून घ्या, टिपेत तीच पद्धत दिलीय. आणि हा तक्ता फक्त धान्यांना लागतो. तुरीच्या चुनीवर तो लावू नका, मी हुशार माणसांना हे करताना पाहिलंय.

आंबोणवाली_यवत

दोघांचे मनापासून आभार. कोरड्या वजनाचं कुणी बोललंच नव्हतं. एक राहिलं: पुरवठादार म्हणतो, चुनीची धूळ उडते म्हणून थोडी मळी घालून गोळ्या करून देतो. चालेल?

बावीस_वर्षं_न्हावाशेवा

गोळी केल्याने हेडिंग बदलत नाही, २३०२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मात्र बांधणीसाठी घातलेला पदार्थ वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत हवा, ही टॅरिफमधल्या त्या विभागाची (प्रकरणांच्या गटाची) टीप आहे. मळी किती ते पत्रात लिहून घ्या. मला विचाराल तर पहिली खेप सुटीच आणा. गोळीत टरफल दिसत नाही, आणि तपासणाऱ्याला टरफल दिसलेलं तुमच्या फायद्याचं.

आंबोणवाली_यवत

मग सुटीच. इन्व्हॉइस बदलायची मेल आत्ताच टाकली. कोंड्याचा अर्धा किलो नमुना उद्या पुन्हा लॅबला देते, रिपोर्ट कोरड्या वजनावर मागून. आला की इथेच आकडे टाकते.