मदत हवी आहे: 'हकलबरी फिन' वर्गात शिकवावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो, मुलगी नववीत आहे. शाळेने मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या गुलामगिरीच्या काळातल्या कादंबरीबद्दल पालकांचं लेखी मत मागवलंय. पुस्तकात कृष्णवर्णीयांना हिणवणारा तो शब्द २००हून जास्त वेळा येतो. इथल्याच डुलुथ शहरातल्या शाळांमध्ये २०१८ साली ते सक्तीच्या वाचनातून काढलं, ग्रंथालयात मात्र ठेवलं. २०११ मध्ये त्या शब्दाऐवजी 'गुलाम' घातलेली आवृत्तीही निघाली. मला ती अजिबात पटत नाही. त्या काळाचा क्रूरपणाच पुसला जातो. पण उतारा मोठ्याने वाचला की लेकीची कृष्णवर्णीय मैत्रीण मान खाली घालून बसते, हे ऐकून पोटात कालवतं.

कुणी हे वर्गात शिकवलंय का? मुलांना आधी काय सांगितलंत? तो शब्द उच्चारलात की गाळलात? शुक्रवारपर्यंत पत्र द्यायचंय.